लाटांचा भोंगा

सुलोचना तायडे भित्री होती. ही गोष्ट तिच्या माहेरी कारंज्यात ठाऊक होती, सासरी मूर्तिजापुरात ठाऊक होती, आणि जनार्दनची जयपूरला बदली होऊन रेल्वे क्वार्टर मिळाल्यावर तिथल्या शेजारणींनाही आठवडाभरात कळून चुकली. ती पालीला भ्यायची, विजेला भ्यायची, दारावर कुणी जोरात थाप मारली तरी हातातलं भांडं सोडायची. जनार्दन रेल्वेत डबे दुरुस्तीला होता. मोठमोठ्या घणांच्या आवाजात त्याचा दिवस जायचा आणि घरी आल्यावर बायको कुकरच्या शिट्टीला दचकायची. "अवं, तुले तं सावलीचंबी भेव वाटते," तो म्हणायचा. ती म्हणायची, "वाटते. मंग? तुमचं काय जाते?"

आणि अशा बाईनं नोकरी धरली ती कुठं, तर वॉटर पार्कमध्ये! पाण्याला तर ती सगळ्यांत जास्त भ्यायची. लहानपणी गावच्या विहिरीत पडलेली बकरी तिनं पाहिली होती. लोक दोर आणायला धावले तोवर ती बकरी पोहत होती, आणि दोर यायच्या आधीच बुडाली. तेव्हापासून घोट्याच्या वर पाणी आलं की सुलोचनाचा जीव घशाशी यायचा. पण मरुलहर वॉटर पार्कला बायकांच्या काउंटरवर बाई हवी होती, हिंदी बोलणारी, चोरी न करणारी, आणि पाण्यात उतरायची अट नव्हती. चार उन्हाळे तिनं तिथं काढले आणि कधी साडीची निरी भिजू दिली नाही.

मरुलहर होतं टोंक रोडवर, दुर्गापुरा मागं टाकून चाकसूच्या दिशेनं बरंच पुढं गेल्यावर. आजूबाजूला बाभळी, वाळू आणि वीटभट्ट्या, आणि मध्येच भिंतीच्या वरून डोकावणाऱ्या लाल-पिवळ्या घसरगुंड्या. आत जायला आणि बाहेर पडायला एकच दरवाजा, तोही एकेका माणसानं ढकलून जायचा लोखंडी फिरता. दरवाज्याला लागूनच बायकांची कपडे बदलायची खोली आणि सुलोचनाचा काउंटर. तिथून ती भाड्याचे कपडे द्यायची. बायकांना आणि मुलींना निळा ढगळ सदरा आणि गुडघ्याखालपर्यंतची निळी चड्डी, दोन्हींना पिवळी पट्टी. घरातून निघताना कुणी जरीची ओढणी घेतलेली असो की सुती लुगडं, आत गेल्यावर सगळ्या सारख्या निळ्या. हे सुलोचनाला मनातून फार आवडायचं. का आवडायचं, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

पार्कच्या पार दुसऱ्या टोकाला, मागच्या भिंतीशी, लाटांचा तलाव होता. एरवी त्यात पाणी नुसतं पडून असायचं. मग देवराम नावाचा माणूस यंत्राच्या खोलीतून भोंगा वाजवायचा आणि लाटा सुरू व्हायच्या. भोंगा झाला की अख्खा पार्क तिकडं पळायचा. घसरगुंडीच्या रांगेत उन्हात ताटकळून अगदी तोंडाशी आलेले लोकसुद्धा रांग सोडून पळायचे. कचोरी अर्धी टाकून पळायचे. आज्ज्या पळायच्या. गिरणीचा भोंगा माणसांना कामाला बोलावतो, पोलिसांचा घरात कोंडतो. हा एकच भोंगा असा की ऐकला की लोक हसत सुटायचे.

मग मे महिन्यातला तो मंगळवार आला. संध्याकाळी जुन्या शहरात बाजारात, देवळांपाशी, सायकलींना अडकवलेल्या पिशव्यांतून एकामागून एक बॉम्ब फुटले. जनार्दन त्या दिवशी घरी जाताना जौहरी बाजारातून कुणासाठी तरी चपला आणणार होता. फोन लागेनात. सुलोचना उंबऱ्यात बसून राहिली, मुलगी रूपाली तिच्या पाठीला चिकटून. जनार्दन आला तो रिकाम्या हातानं, बाजारात गेलोच नाही म्हणाला, साहेबानं थांबवून घेतलं म्हणून वाचलो म्हणाला, आणि मग भिंतीकडं तोंड करून बसला. डबे ठोकणारा तो माणूस, पण त्याचे हात कापत होते. घरात कुणीतरी एक न भिणारं असलं की दुसऱ्याला भ्यायला मोकळीक असते. आता तीही राहिली नाही.

त्यानंतर सगळ्या शहराला पिशवीचं भय बसलं. बसमध्ये सीटखाली कुणाची थैली दिसली की "किसकी है, किसकी है" असा ओरडा व्हायचा. जुन्या शहरात कर्फ्यू लागला, उठला. पार्क काही दिवस बंद राहिला आणि मग मालकानं उघडला, कारण ऊन काही बंद झालं नव्हतं. नवे नियम आले. दरवाज्यावरच्या भंवरसिंगनं प्रत्येक बॅगेत काठी घालून बघायचं आणि नाव विचारायचं. कपाटात ठेवण्याआधी सुलोचनानं ती पुन्हा उघडायला लावायची. भंवरसिंग नाव विचारायचा आणि ऐकल्यावर तोंडाकडं बघायचा. काही नावांना जास्त वेळ बघायचा. एकदोन कुटुंबं त्या बघण्यानंच परत गेली, आणि ते जाताना सुलोचना कपड्यांच्या गठ्ठ्यात मान घालून उभी राहिली.

पार्क उघडल्याच्या दिवशी देवरामनं भोंगा वाजवला तेव्हा ती काउंटरखाली जाऊन बसली होती. देवराम दिवसभर हसला. "मैडमजी, लहर आई थी, लहर!"

तिला खरी काळजी होती ती रूपालीची. शाळेला सुट्टी. जनार्दन कामावर, ती कामावर, आणि बारा वर्षांची पोरगी दिवसभर क्वार्टरमध्ये एकटी. कुणी दार वाजवलं तर? ही बाजारात गेली तर? शेवटी एका सकाळी तिनं ठरवलं, पोरीला आपल्यासोबत न्यायचं. बॉम्ब शहरात फुटतात. पार्क शहराबाहेर आहे. तिथं काठी घालून बॅगा बघतात, तिथं भिंत आहे, तिथं आपल्या डोळ्यांसमोर राहील. रूपालीला तर हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. चार वर्षं ती मागं लागली होती आणि आईचं एकच उत्तर होतं, "पाण्याजवळ नाही."

"पण आज क्यूं, आई?" तिनं बसमध्ये विचारलं. घरातली मराठी तिच्या तोंडी हिंदीला टेकून टेकून चालायची.

"घरी मले भेव वाटते म्हणून," सुलोचना म्हणाली. लपवाछपवी तिला या बाबतीत जमत नसे.

त्या सकाळी गर्दी होती. माणसं इतके दिवस घरात कोंडलेली, ती बाहेर पडली होती. दरवाज्यावर रांग ढकलाढकली करत होती आणि भंवरसिंगची काठी घाईघाईनं आत-बाहेर होत होती. रूपालीला निळे कपडे देऊन, उथळ पाण्यातच राहा असं बजावून, तिनं आत सोडलं होतं. सुलोचना काउंटरच्या खिडकीतून हातानं कपडे देत होती आणि कानानं दरवाजा ऐकत होती.

"नाम?"

एका बाईचा आवाज. आणि त्याआधी एक थांबणं. एका श्वासापेक्षाही कमी.

"ममता।"

सुलोचनानं मान वर केली. तिशीची, सडपातळ बाई, हाताशी पाच-सहा वर्षांची मुलगी. भंवरसिंगनं मागच्या लोकांवर ओरडत तिला आत ढकललं. बाई काउंटरवर आली, दोघींचे निळे कपडे घेतले. "बैग?" सुलोचनानं विचारलं. "नहीं है जी," बाई म्हणाली आणि खाली बघितली. तिच्या खांद्यावरची मोठी ओढणी खाली सोडून एका हातानं बगलेशी दाबून धरलेली होती.

ते थांबणं सुलोचनाच्या ओळखीचं होतं. जयपूरला आल्यावर पहिलं वर्ष क्वार्टर मिळेना, तेव्हा दुर्गापुऱ्यात एक खोली घेतली होती. घरमालकीण चांगली, हसतमुख. तिनं चहाचा कप पुढं करत विचारलं होतं, "कौन जात हो, बाईसा?" आणि सुलोचना तेवढीच थांबली होती. मग म्हणाली होती, "मराठा।" सगळं वर्ष बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी. शीतळा अष्टमीला मालकीणबाईंनी चाकसूच्या जत्रेहून येऊन प्रेमानं आदल्या दिवशीचं थंड जेवण वाढलं, आणि घास सुलोचनाच्या घशाखाली उतरेना, कारण हिला कळलं तर हेच ताट ही कुठं ठेवेल, हे तिला दिसत होतं. कळलं नाही. क्वार्टर मिळालं आणि ते निघून आले. पण तिथंही तसबीर लागली ती आतल्या खोलीत, आणि रूपालीचं नाव शाळेत लागलं नुसतं रूपाली जनार्दन. कुणी विचारलं तर तेवढंच सांगायचं, असं पोरीला शिकवलेलं होतं.

म्हणून थांबणं कळलं. पण कळून करायचं काय? तिनं पुढच्या बाईला कपडे दिले.

दुपारी कपडे बदलायची खोली रिकामी झाली तेव्हा ती झाडू घेऊन आत गेली. कोपऱ्यात पाण्याच्या निळ्या पिंपामागं ओढणी पडली होती. तिनं उचलली. खाली बॅग होती. काळी, कापडी, फुगलेली. चेन अर्धी उघडी आणि त्यातून काळी वायर बाहेर आलेली, आणि वायरीशेजारी प्लास्टिकची पारदर्शक नळी.

सुलोचनाच्या हातातली ओढणी गळून पडली. कानात एकदम शांत झालं. बाहेर मुलं किंचाळत होती, घसरगुंड्यांचं पाणी पडत होतं, ते सगळं भिंतीपलीकडं गेलं. तिला पळायचं होतं आणि पाय हलत नव्हते. मग तिच्या डोक्यात एकच शब्द आला, रूपाली, आणि पाय हलले.

भंवरसिंग दरवाज्यावर बिडी पीत होता. तिनं सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. तोंडातून "वायर, वायर" एवढंच निघालं. तो जाऊन दारातून डोकावला आणि परत आला तेव्हा त्याच्या मिशीसकट तोंड पांढरं पडलं होतं. मॅनेजर शहरात गेलेला. त्यानं पोलिसांना फोन केला. पलीकडून उत्तर आलं की आरक्षणाच्या आंदोलनानं रस्ते अडवलेत, निम्मे पोलीस दौसाच्या बाजूला गेलेत, बॉम्ब निकामी करणाऱ्यांना यायला वेळ लागेल, तोवर बॅगेला हात लावू नका आणि लोकांना बाहेर काढा.

"बाहर," भंवरसिंग म्हणाला आणि शिट्टी ओठांशी नेली.

सुलोचनानं त्याचा हात धरला. आयुष्यात परक्या पुरुषाचा हात तिनं कधी धरला नव्हता. "बाहर किधर से?" ती म्हणाली. "दरवाजा एक ही है!"

आणि तो एकच दरवाजा त्या खोलीच्या भिंतीला लागून. शिट्टी वाजली, कुणी "बम" म्हणालं, की सगळा पार्क ओल्या फरशीवरून धावत याच फिरत्या दरवाज्यावर येऊन पडेल. बॅगेपासून दहा हातांवर. एकेकानं जायचं दार. खाली पडलेल्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, आणि तळाशी कोण? हलक्या अंगाची पोरं. तिची पोरगी. हे तिला विचार करून सुचलं नाही. भित्र्या माणसाला वाईट कसं होईल हे सदान्कदा दिसतच असतं. तिला ते समोर घडताना दिसलं.

"देवराम को फोन करो," ती म्हणाली. "भोंगा बजाने को बोलो। और लहर बंद नहीं करने का, मैं बोलूँ तब तक!"

भंवरसिंगला कळायला क्षण लागला. मग त्यानं फोन उचलला.

भोंगा वाजला. आणि पार्क उठला. उंच मनोऱ्यावरची रांग जिन्यावरून खाली सांडली, कचोरीचे ठेले ओस पडले, निळ्या कपड्यांतल्या बायका पोरांना खांद्यावर टाकून धावल्या. "लहर! लहर!" हसत, एकमेकांना मागं ओढत, सगळे त्या काळ्या बॅगेपासून लांब, पार्कच्या दुसऱ्या टोकाला निघाले. सुलोचना त्यांच्या मागून धावत होती आणि रडत होती. तिच्याकडं कुणी बघितलं नाही. पाणी उडालेलं तोंड आणि रडलेलं तोंड तिथं सारखंच दिसायचं.

तलावाशी पोचली आणि तिचा धीर सुटला. समोर नुसतं निळं. प्रत्येक मुलगी निळी, प्रत्येकीला पिवळी पट्टी, सगळ्यांचे केस ओले, सगळ्या लाट आली की किंचाळतात. तिनंच स्वतःच्या हातानं वाटलेले कपडे. "रूपाली!" ती ओरडली. शंभर आवाजांत तो कुठं ऐकू येणार? रूपाली इथं आहे की तिकडंच राहिली? कपडे बदलायला तर गेली नसेल? त्याच खोलीत?

ती पाण्यात उतरली. साडीसकट. पाणी घोट्यावर आलं, पोटरीवर आलं, गुडघ्याला लागलं. लाट आली आणि कमरेच्या वर चढली, आणि बकरी तिच्या डोळ्यांसमोर आली, मान वर काढून पोहणारी. तिनं डोळे मिटले, उघडले, आणि हाती लागेल त्या मुलीचा खांदा धरून तोंड बघू लागली. ही नाही. ही नाही. ही पण नाही.

"आई?" मागून आवाज आला. "आई, तू पानीमध्ये?"

सुलोचनानं तिचं मनगट असं पकडलं की रूपाली कळवळली. काय झालं, काय झालं, ती विचारत होती. सुलोचना तिला ओढत काठाकडं निघाली आणि काठाशीच तिला ती दिसली. सकाळची बाई. गुडघाभर पाण्यात बसलेली, मांडीवर मुलगी. मुलगी ओरडत नव्हती, हसत नव्हती. तिचे खांदे कानांपर्यंत उचलले जात होते आणि गळ्याशी खड्डा पडत होता. प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी. बाई मुलीकडं बघत नव्हती. ती पार्कच्या दुसऱ्या टोकाकडं, कपडे बदलायच्या खोलीकडं बघत होती.

सुलोचनाला ते थांबणं आठवलं. बॅग नाही म्हणणं आठवलं, खाली बघणं आठवलं, ओढणी आठवली. आणि पहिल्यांदा तिच्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. हीच. हिनंच ठेवली. खोटं नाव सांगून आत आली, बॅग ठेवली आणि आता तिकडं बघत बसलीय. भीतीनं तिच्या मनाला त्या घडीला भंवरसिंगचे डोळे दिले होते.

मग मुलीनं पुन्हा श्वास ओढला आणि शिट्टी मोठी झाली. बॉम्ब ठेवणारी बाई पोरीला मांडीवर घेऊन बसेल?

ती वाकली. "काली बैग आपकी है?"

बाईचं तोंड रक्त काढून घेतल्यासारखं झालं.

"क्या है उसमें? वायर किसकी है? जल्दी बोलो, बहन!"

"मशीन है," बाई म्हणाली. "साँस की। इसकी दवा की। बिजली से चलती है। घर में बंद रह-रहके इसका दिल घबरा रहा था, इसलिए लाई। गेट पे खोलते तो पूछते, क्या है, किसकी है, कहाँ से आई हो..." तिचा आवाज फुटला. "मैं जाती हूँ लेने। मुझे जाने देंगे?"

जाऊ देतील? सुलोचनानं दरवाज्याकडं बघितलं. भंवरसिंग तिथं काठी घेऊन उभा होता. ही बाई धावत त्या बॅगेकडं निघाली तर तो काय करेल, आणि शंभर माणसं काय करतील, तेही तिला दिसलं.

खरं बोलतेय का ही? कोण सांगणार! सकाळी खोटं बोललीच होती. पण सुलोचनाही एकदा खोटं बोलली होती, चहाचा कप हातात घेऊन, आणि तिच्या ट्रंकेत तेव्हा काय होतं? एक तसबीर.

तिनं रूपालीचा हात त्या बाईच्या हातात दिला. "मी येईपावतर इथून हलू नको," ती म्हणाली. "हिच्याजवळच राह्य."

"आई, तू कुठे जाते?"

"येतो मी," सुलोचना म्हणाली.

परतीची वाट तिला एवढी लांब कधी वाटली नव्हती. घसरगुंड्यांतून पाणी वाहत होतं आणि खाली कुणी नव्हतं. फरशीभर चपला. ओली साडी पायांत अडकत होती. ती त्रिशरण म्हणू लागली आणि तिसऱ्या ओळीला अडकली. रोज म्हणते ते आठवेना, म्हणून पहिलीच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. बाई खोटं बोलत असेल तर आपण आता मरू, हे तिला लख्ख कळत होतं. पण रूपाली इथून लांब आहे, एवढं एक झालं.

"मैडमजी! हाथ मत लगाना!" भंवरसिंग ओरडला. तो पुढं मात्र आला नाही.

खोलीत काळोख होता आणि पिंपातून थेंब पडत होते. तिनं डोळे घट्ट मिटले आणि बॅग उचलली. काही झालं नाही. तरी तिनं डोळे लगेच उघडले नाहीत. मग ती बॅग छातीशी धरून धावत सुटली, आणि या वेळी पाय कुठं पडताहेत ते तिला कळलं नाही.

तलावाशेजारच्या यंत्राच्या खोलीत देवराम तिला बघून खुर्चीवरून उठून भिंतीला चिकटला. "ये क्या उठा लाई? बाहर! बाहर रखो!"

"प्लग किधर है?" सुलोचना ओरडली. मागोमाग बाई मुलीला उचलून आली, रूपाली तिच्या कोपराला धरून. खोलीत एकच मोकळं होण्यासारखं सॉकेट होतं आणि त्यात भोंग्याची वायर होती. देवरामनं बॅगेकडं बघितलं, मुलीच्या निळ्या पडत चाललेल्या ओठांकडं बघितलं, आणि भोंग्याची पिन उपटून काढली. मशीनचा डबा गुरगुरू लागला. नळीतून पांढरी वाफ आली, बाईनं मास्क मुलीच्या तोंडावर धरला. "सना, बेटा, धीरे। धीरे।" बाहेर लोक लाटांवर ओरडत होते. आत चौघं त्या पोरीच्या गळ्याशी पडणारा खड्डा बघत उभे होते. तो हळूहळू उथळ झाला. शिट्टी बारीक झाली, आणि एका श्वासाला ती आलीच नाही. सुलोचना तिथंच ओल्या फरशीवर बसली आणि तिला हुंदका आवरेना.

पोलीस आले तेव्हा लाटा थांबल्या होत्या आणि लोक पुन्हा घसरगुंड्यांच्या रांगेत भांडत होते. काय झालं होतं, ते बहुतेकांना कधी कळलंही नाही. मॅनेजर पोलिसांच्या मागोमाग घाम पुसत आला. फौजदारानं बॅग टेबलावर उलटी केली: मशीन, नळी, औषधाच्या बाटल्या, पोळीभाजीचा डबा. "ये किसका है?" त्यानं विचारलं.

बाई भिंतीशी उभी होती, मुलीला छातीशी घेऊन. तिनं तोंड उघडलं आणि त्यातून आवाज निघाला नाही. आपण आता हो म्हणालो की पुढचा प्रश्न नावाचा आणि त्यापुढचा सकाळच्या खोट्या नावाचा, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"मेरा है, साहब," सुलोचना म्हणाली.

रूपालीनं झटकन आईकडं बघितलं. ही पोरगी कधी गप्प बसणारी नव्हती. पाहुण्यांसमोर घरातलं सगळं सांगून टाकायची. ती गप्प बसली. सकाळी घाईत कुणाला न तपासता आत ढकललं होतं, ते भंवरसिंगला आठवत असणार. पण ते सांगायचं तर स्वतःची चूकही सांगावी लागणार. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि बाहेर बघू लागला.

"तुम्हारा?" फौजदार म्हणाला. "नाम?"

"सुलोचना जनार्दन तायडे।"

"तायडे? ये कौन होते हैं?"

साडीतून पाणी ठिबकून पायाशी थारोळं झालं होतं. ती थांबली नाही.

"बौद्ध, साहब। महाराष्ट्र के। जय भीम वाले।"

फौजदारानं तिच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग टेबलावरच्या औषधाच्या बाटल्यांकडं बघितलं, आणि ओरडला. बॅग अशी टाकतात का, शहराची काय हालत आहे ते कळत नाही का, नोकरी करता की तमाशा? तो बराच वेळ ओरडला आणि निघून गेला, कारण त्याला दौसाला जायचं होतं. मग मॅनेजर ओरडला. सांगेपर्यंत कामावर येऊ नको, म्हणाला. सुलोचनानं मान हलवली.

बसथांब्यावर ती बाई पुढं येऊन उभी राहिली. सना तिच्या खांद्यावर झोपली होती. "मेरा नाम ममता नहीं है," ती खालच्या आवाजात म्हणाली.

"मालूम है, बहन।"

"रेहाना है।" मग तिची बस आली.

चाकसूकडून येणारी त्यांची बस भरून आली होती. एका सीटखाली कुणाची तरी थैली होती आणि सुलोचनानं ती दिसल्याबरोबर पाय आखडून घेतले. रूपाली खिडकीशी बसली. सांगानेर मागं पडल्यावर ती आईकडं वळली.

"आई," ती मग म्हणाली. "तू आज पूरा नाव सांगितलं."

"हाव."

"सर्व सांगितलं. जय भीम पण."

"हाव, सांगितलं."

"मग मी पण सांगू? शाळेत? मॅडमनं विचारलं तर?"

सुलोचनाला वर्ग दिसला, पोरी दिसल्या, कुणीतरी डबा बाजूला सरकवताना दिसलं, रूपाली एका बाकावर एकटी बसलेली दिसली. भित्र्या माणसाला हे सगळं दिसतंच. ती थांबली. एका श्वासापेक्षा जास्तच थांबली, आणि पोरगी तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"मले भेव वाटते, रूपाली," ती म्हणाली. "पण तू सांग."